मोबाईलवर लिहिण्याआधी

"मोबाईलवर मनातलं लिहिलं तर काम जाईल का?" हा प्रश्न आम्हाला गटाच्या बैठकीत हमखास विचारला जातो. आपल्यात कुणी आशा आहे, कुणी अंगणवाडीत, कुणाचा मुलगा कंपनीत. म्हणून आज हेच समजून घेऊ.

राज्यघटनेच्या कलम 19 नं आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा बाबतींत त्याला वाजवी बंधनंही आहेत. 2012 साली पालघरच्या एका मुलीनं मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला. पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं.

पण तुरुंग वेगळा, नोकरी वेगळी. हिताची अॅस्टेमो कंपनीत पगारवाढीचा वाद सुरू असताना एका कामगारानं व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर मजकूर टाकला. चौकशी होऊन त्याला काढलं. पुण्याच्या कामगार न्यायालयानं त्याची बाजू घेतली, पण डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपनीचा निर्णय कायम ठेवला.

सरकारी कामाचंही तसंच. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयानुसार शासनाच्या धोरणावर समाजमाध्यमांत प्रतिकूल टीका करता येत नाही. कंत्राटी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे.

गटाच्या व्हॉट्सअॅपचं काय? 2021 मध्ये नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्यानं वाईट मजकूर टाकला म्हणून अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. त्याची मिलीभगत असेल तर गोष्ट वेगळी.

मग गप्प बसायचं का? मुळीच नाही. मानधन थकलं तर तारखेसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, संघटनेतून एकत्र बोला. रागाच्या भरात साहेबाचं नाव घेऊन शिवी टाकली, तर थकलेलं मानधन बाजूला राहतं आणि चर्चा आपल्या शिवीचीच होते. लाभार्थी बाईचा, लेकराचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. नोटीस आली तर घाबरून फोन कोरा करू नका. मजकूर जपून ठेवा, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. तिथे बायांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

आपल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी आठवणी पडताळून लीळाचरित्र लिहिलं. आपणही पडताळून लिहू, पण लिहू नक्की.