विद्यार्थिमंडळाची घटना

भाईंदर पश्चिमेस खाडीलगतच्या वस्तींत शाळा-कॉलेजांतील दहापांच मुलें एकत्र आलीं, कीं एखादें मंडळ निघतें. नांव ठरतें, अध्यक्ष ठरतो, वर्गणी जमते. नियम मात्र ‘मागाहून पाहूं’ म्हणून राहून जातात. दोन वर्षांत परीक्षा उरकून मुलें पांगतात. मग पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, शिल्लक पैसे कोणाचे, असे प्रश्न उभे राहतात आणि मंडळ बहुधा तेथेंच बुडतें. विद्यार्थिमंडळाचे सभासद सारखे बदलत असल्यामुळें त्याला लेखी घटनेची गरज इतर संस्थांहून अधिक असते. (आपली भाषाही गमतीची! जें घडलें ती घटना, आणि जें घडावें त्याचे नियम तीही घटना.)

या प्रकारचें जुनें उदाहरण मुंबईचें आहे. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या आद्य कार्यकर्त्यांपैकीं होते. निबंध वाचावे, त्यांवर चर्चा करावी, हा हेतु; मात्र धर्म व राजकारण हे विषय वगळलेले होते. आजच्या तरुणांस हा भित्रेपणा वाटेल. परंतु धर्मांतराच्या प्रकरणांनीं मुंबई नुकतीच ढवळून निघाली होती. हिंदु व पारशी मुलें एका बैठकीवर बसवावयाचीं, तर दुसरा मार्ग थोडाच होता! त्या कुंपणाच्या आंत काम वाढलें. मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या, आणि १८४९ सालीं याच तरुणांनीं मुलींच्या शाळा उघडून तेथें विनावेतन शिकविलें.

तेव्हां घटनेंत प्रथम हेतु लिहावा, तोही एकदोन वाक्यांत. नांव, पदाधिकारी, मुदत यांस फार शाई लागत नाहीं. खरा विचार गणसंख्येचा करावा. सभासद साठ असतां तीसांची अट घातली, तर परीक्षेच्या दिवसांत सभा भरणारच नाहीं. पांचांची घातली, तर पांच मित्र मिळून मंडळ खिशांत घालतील. पैशांची गोष्ट त्याहून नाजूक. अठरा वर्षांखालील मुलाचा करार कायद्यानें बंधनकारक होत नाहीं. म्हणून खात्यावर एका प्रौढाची सही असावी, पण खर्चाची मंजुरी सभेची असावी.

पुढें नोंदणी करावयाची झाल्यास १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे. त्यास निदान सात माणसें लागतात. संस्था मोडली तर उरलेली मालमत्ता सभासदांनीं वांटून घेऊं नये, ती दुसऱ्या संस्थेस द्यावी, असें तो कायदा सांगतो. नोंदणी न करणाऱ्या मंडळानेंही हें कलम उचलावें. पुस्तकें निदान एखाद्या वाचनालयांत तरी पोंचतील.

जूनमध्यें नवे सभासद आले, कीं पहिल्या सभेंत घटना मोठ्यानें वाचून दाखवावी. तिच्या प्रती दोन ठेवाव्या : एक चिटणिसाच्या वहींत, दुसरी शाळेंतील एखाद्या शिक्षकापाशीं.