एकाच खडकाच्या तीन जमिनी : महाबळेश्वर ते म्हसवड



सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आणि पूर्व टोकाला म्हसवड. दोन्ही गावांत सरळ रेषेत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तर माण तालुक्यात जेमतेम पाचशे, आणि तोही दर वर्षी मिळेलच असे नाही. तिकडे माती तांबडी, मध्ये कृष्णाकाठी काळीभोर, इकडे माळावर मुरमाड. पण गंमत अशी, की या तिन्ही जमिनींचा मूळ खडक एकच आहे. तो कसा, आणि ते कळल्याने आपल्या शेतात काय फरक पडतो, हे या पत्रकात पाहू.

खडक कुठून आला?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा वाहिला. थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. घाटातून एस.टी.ने जाताना डोंगराच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ना? तेच हे थर. जिल्ह्यातला जवळजवळ सगळा डोंगर याच दगडाचा. पुढे ऊन, पाऊस, झाडांची मुळे यांनी दगड फुटला, कुजला, त्याचा मुरूम झाला आणि मुरमाची माती झाली. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला मात्र एक वळवाचा पाऊस पुरतो.

तांबडी का तांबडी, काळी का काळी?

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर जांभा आहे. फार मोठ्या काळापर्यंत पावसाचे पाणी खडकातून झिरपत राहिले. त्याने चुना, पोटॅश, मॅग्नेशियम, इतकेच काय सिलिकासुद्धा धुऊन नेला. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजले की तांबडे होते, तशीच ही माती तांबडी. चुना गेल्यामुळे ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी झाली. पाणी तीत साठत नाही, लगेच खाली जाते. म्हणूनच एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांना पाण्याची टंचाई भासते.

पूर्वेकडे पाऊस कमी. पाणी मातीतून आरपार जात नाही, म्हणून चुना जागेवरच राहतो. चुनखडीचे पांढरे खडे नांगराला लागतात ते यामुळेच. अशा जमिनीत एक विशिष्ट चिकणमाती तयार होते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शाळूच्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीमुळे.

उतार आणि खोलगट

माती कुठे किती खोल, हे उतार ठरवतो. डोंगरउतारावरची माती शतकानुशतके खाली वाहत आली आणि कृष्णा, येरळा, माणगंगा यांच्या काठांवर साचली. म्हणून वाई, सातारा, कऱ्हाडकडे कृष्णाकाठी पुरुषभर खोल काळी जमीन मिळते, तर माण-खटावच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. झाडे तुटली, माळ उघडा पडला, चराई वाढली, तशी राहिलेली मातीही निघून गेली.

आपल्या भागाने दुष्काळ सोसले आहेत. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव 1876-77 च्या दुष्काळातील कामांतून उभा राहू लागला. 1972 च्या दुष्काळात बांधबंदिस्ती आणि पाझर तलावांवर गावेच्या गावे राबली. 2016 साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. या कामांमागे हिशेब एकच : पाणी अडले की मातीही अडते.

खोलीचा हिशेब

भारी काळी जमीन एक मीटर खोल असेल, तर पिकाला वापरता येईल असे सुमारे 150 ते 200 मिलीमीटर पाणी धरते. एक फूट खोलीची मध्यम जमीन धरते सुमारे 50. पीक भरात असताना दिवसाला 4 ते 5 मिलीमीटर पाणी घेते. म्हणजे पाऊस थांबला, तर खोल रानात महिनाभर निभावते, फूटभर मातीत दहा-बारा दिवसांत पीक माना टाकते. म्हणून शाळू खोल रानात, आणि माळावर मटकी, हुलगा, बाजरी. आपल्या वाडवडिलांनी ही वाटणी उगीच केली नव्हती.

आता खरी काळजी कशाची?

माण-खटावच्या तहानलेल्या रानांसाठी उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजना आखल्या गेल्या. पाणी येणे ही आनंदाचीच गोष्ट. पण कमी पावसाच्या मुलखात क्षार मातीतच असतात. भारी रानात पाटाने भरमसाट पाणी दिले, की खालची पाण्याची पातळी वर चढते. पाणी उडून जाते, क्षार वर बसतात, आणि दहा-वीस वर्षांत सोन्यासारखे रान पांढरे पडते. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात आणि नीरा कालव्याच्या भागात हे घडलेले आपण पाहतो. माळावरच्या हलक्या रानात दिलेले जास्तीचे पाणीही मुरमातून खाली उतरते आणि ओढ्याकाठच्या शेजाऱ्याच्या खोलगट रानात निघते. आपण पाणी जास्त दिले आणि रान शेजाऱ्याचे बिघडले, असे होऊ नये.

म्हणून एवढे करा

1. पेरणीपूर्वी रानात दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्या. माती किती, मुरूम कुठे, चुनखडी कुठे, ओल कुठवर, हे डोळ्यांनी पाहा. फळबाग लावायची असेल तर हे केल्याशिवाय रोपे आणूच नका.

2. माती तपासून घ्या. सामू 8.5 च्या वर आणि माती ओली असता साबणासारखी गुळगुळीत लागत असेल, तर जमीन चोपण होत आहे असे समजा. जिप्सम तपासणीच्या अहवालाप्रमाणेच घाला. पण आधी निचऱ्याचे चर काढा. निचरा नसेल, तर जिप्समचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

3. सुपर फॉस्फेट नुसते फोकू नका. तांबड्या मातीत स्फुरद लोहाला चिकटतो, चुनखडीच्या मातीत चुन्याला. दोन्हीकडे ते शेणखतात मिसळून मुळांजवळ पेरून द्या.

4. समपातळीचे बांध हलक्या-मध्यम रानाला चांगले. भारी काळ्या रानात बांधापाशी पाणी तुंबते, बांधाला भेगा पडतात. तिथे थोडा ढाळ देऊन पाणी गवताच्या चरातून बाहेर काढा.

5. तलावातला गाळ मुरमाड रानात जरूर टाका. भारी किंवा चोपण रानात मात्र टाकू नका.

6. नवे पाणी आले, तर पहिल्या वर्षीच ठिबकचा विचार करा. उसाचा मोह धरण्याआधी निचऱ्याची वाट कुठे आहे, ते पाहा.

कोट्यवधी वर्षांच्या या मातीची राखण आज आपल्याकडे आहे. येत्या रविवारी घरच्या पोरांना बरोबर घ्या आणि रानात एक खड्डा घ्या. काय दिसले, ते कागदावर लिहून मातीच्या नमुन्याबरोबर आमच्याकडे आणा. पुढचे पीक कोणते घ्यायचे, हे आपण मिळून ठरवू.