धुराड्यापलीकडचा हिशेब : साखर कारखाना आणि हरितगृह वायू

दिवाळी सरली की येरमाळ्याच्या महामार्गावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि आपल्या वसतिगृहातील काही मुले नेहमीपेक्षा गप्प होतात. त्यांचे आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात. साखर कारखाना हा आपल्यासाठी केवळ भूगोलाच्या पुस्तकातील धडा नाही. जवळच चोराखळी येथे धाराशिव साखर कारखाना आहे. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तेथील इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून प्राणवायू तयार करण्यात आला, हे पुष्कळांना स्मरत असेल. हवेशी कारखान्याचे नाते असे दुहेरी असते. प्रस्तुत लेखात या नात्याची दुसरी बाजू, म्हणजे पृथ्वीचे तापमान वाढविणारे वायू कारखान्यातून कसे निघतात आणि काळाच्या ओघात त्यांत काय बदल झाला, हे पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धुराड्यातून निघणारा काळा धूर म्हणजे हरितगृह वायू नव्हे. काळे दिसते ती काजळी व राख. ती फुप्फुसांना घातक आहेच. कार्बन डायऑक्साइड मात्र डोळ्यांना दिसत नाही. एक टन ऊस गाळला की सुमारे 280 किलो बगॅस उरतो आणि तोच बॉयलरमध्ये जळतो. त्यातून निघणारा कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या हंगामाचा ऊस तो पुन्हा शोषून घेतो. दगडी कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो बाहेर आला की हवेत निव्वळ भर पडते. म्हणून आंतरराष्ट्रीय हिशेबात बगॅसचा कार्बन डायऑक्साइड इंधनाच्या उत्सर्जनात मिळविला जात नाही.

1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या पिढीतील कारखान्यांना बगॅस ही अडगळ वाटे. कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो कसाबसा जाळून संपविणे एवढाच हेतू असे. उच्च दाबाचे बॉयलर आले, सहवीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा तोच बगॅस कमाईचा झाला. कारखाना स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकू लागला. कोळशावरील केंद्रात एका युनिटमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढा वाचला असे मानण्यात येते. 1997 च्या क्योटो करारानंतर भारतातील अनेक कारखान्यांनी या बचतीवर कार्बन क्रेडिटही मिळविले. धुराडे अशा रीतीने खर्चाच्या बाजूकडून जमेच्या बाजूला आले.

येथेच हिशेब मिटविण्याचा मोह होतो. परंतु उत्सर्जनाचा खरा भार धुराड्यापासून दूर, मळीमिश्रित पाण्याच्या तळ्यात असतो.

मोलॅसिसपासून मद्यार्क तयार करताना एक लिटरमागे 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश उरते. तपकिरी, आंबूस, उग्र वासाचे हे पाणी सेंद्रिय द्रव्याने इतके भरलेले असते की त्याच्या रासायनिक ऑक्सिडीकरणासाठी लागणारा प्राणवायू, ज्याला सीओडी म्हणतात, एका लिटरला सुमारे 100 ग्रॅम भरतो. उघड्या तळ्यात हे पाणी साचले की तळाशी प्राणवायू उरत नाही आणि मिथेन तयार होतो. फळ्यावर मांडण्याजोगे गणित आहे. एक हजार लिटर स्पेंट वॉशमध्ये 100 किलो सीओडी. एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त पाव किलो मिथेन, म्हणजे एकूण 25 किलो. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवितो. म्हणजे हा भार 700 किलोंचा झाला. हाच मिथेन बंद टाकीत गोळा करून जाळला, तर उरतो सुमारे 69 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि तोही मूळचा उसातलाच. तळे उघडे की टाकी बंद, एवढ्या एका प्रश्नावर दहा पटींचा फरक पडतो. 2003 नंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दट्ट्यामुळे बायोगॅस टाक्या, कंपोस्ट आणि स्पेंट वॉश आटवून जाळणारे बॉयलर वाढले. बदल झाला तो धाकाने झाला, हे नमूद करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला भागच आहे.

याहून कमी बोलले जाते ते शेताविषयी. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. दिलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडून जातो, असे मानले जाते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट प्रभावी आहे. गणित केल्यास हेक्टरी एक टनाहून थोडा अधिक भार निघतो. फडात पाचट पेटविले तर मिथेन व नायट्रस ऑक्साइड आणखी वाढतात, आणि जमिनीला मिळावयाचे सेंद्रिय द्रव्य जळून जाते ते वेगळेच.

जुने दस्तऐवज वाचताना तो कोणी, कशासाठी लिहिला आणि त्यात कोण वगळले, हे आपण आधी पाहतो. उत्सर्जनाच्या अहवालालाही तोच निकष लावावा. त्यात तीन कक्षा असतात : कारखान्याच्या आवारातील, विकत घेतलेल्या विजेतील, आणि कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंतची. शेत व ट्रॅक्टरचे डिझेल तिसऱ्या कक्षेत येते आणि बहुधा तीच कोरी राहते. शेअर बाजारातील मोठ्या एक हजार कंपन्यांना सेबीने असा अहवाल सक्तीचा केला आहे. सहकारी कारखाने त्या यादीत येतच नाहीत.

तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच शिकवितो की कोणतीही गोष्ट एकटी घडत नाही. 2021-22 चा हंगाम मराठवाड्यात जून उजाडेपर्यंत लांबला. मे महिन्याच्या उन्हात फडावर कोण होते, हे आपल्या मुलांना विचारावे लागत नाही. पेटविलेला फड तोडायला सोपा, पात्यांनी हात कापत नाहीत. पण काजळी छातीत जाते. ज्यांचा या वायूंत वाटा सर्वांत कमी, त्यांच्याच वाट्याला ऊनही येते आणि धूरही. म्हणून कारखाना नको, असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात शेतीवरील अतिरिक्त श्रमशक्ती उद्योगाकडे वळविण्याचा मार्ग दाखविला होता. कोयत्याच्या उचलीतून मुलांना सोडवील असा उद्योग आपल्याला हवाच आहे.

नववीची सहल कारखान्यात जाते तेव्हा मुले धुराड्याची उंची विचारतात. यापुढे त्यांनी आणखी तीन आकडे विचारावेत : हंगामात किती स्पेंट वॉशमागे किती बायोगॅस जमला, किती युनिट वीज विकली आणि जळीत ऊस किती टन आला. तिसरा आकडा मिळण्यास अडचण पडू नये. जळीत उसाच्या बिलात कपात होत असल्याने तो वजनकाट्यापाशीच नोंदलेला असतो.