शिरोलंब बाहेर का गेला?

आठवीच्या गणितात त्रिकोणाच्या शिरोलंबांचा पाठ आहे. प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर लंब टाकला, की तिन्ही लंब एकाच बिंदूत मिळतात. फळ्यावर आपण बहुधा छानसा लघुकोन त्रिकोण काढतो, त्यामुळे तो संपातबिंदू त्रिकोणाच्या आत येतो आणि मुलांच्या मनात तेच चित्र पक्कं बसतं. पुढे विशालकोन त्रिकोण समोर आला, की मुलं लंब कसाबसा आतच बसवायला बघतात. समोरची बाजू वाढवायची आणि लंब बाहेर टाकायचा, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

हाच पाठ जिओजिब्रा या मोफत सॉफ्टवेअरवर घेता येतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ते तयार करायला घेतलं. पडद्यावर त्रिकोण काढायचा, तिन्ही शिरोलंब टाकायचे आणि एक शिरोबिंदू धरून ओढत न्यायचा. एक कोन ९० अंशांचा झाला, की संपातबिंदू नेमका त्या काटकोनाच्या टोकावर येऊन बसतो. कोन आणखी मोठा केला, की बिंदू त्रिकोणाबाहेर निसटतो.

हा पाठ घेणाऱ्या एका शिक्षिकेची कल्पना करा. पहिल्या वर्षी ती प्रोजेक्टर लावते, शिरोबिंदू ओढून दाखवते, मुलं खूश होतात. ‘समजलं?’ ‘हो बाई.’ पाठ संपतो. मुलांनी हलतं चित्र पाहिलं खरं, पण विचार सगळा बाईंनीच केलेला असतो. दोनतीन वर्षांनी ती कोन नव्वदच्या अलीकडे असतानाच थांबते आणि विचारते, ‘आणखी ओढलं तर बिंदू कुठे जाईल? वहीत खूण करा.’ आता प्रत्येक मुलाला आधी काहीतरी ठरवावं लागतं. बिंदू सरकतो तेव्हा ज्यांचा अंदाज चुकला ती मुलं सगळ्यांत टक लावून पाहतात, आणि ‘बाहेर का गेला?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. आणखी काही वर्षांनी ती माऊस मुलांच्या हाती देते आणि स्वतः मागच्या बाकाशी उभी राहून त्यांचं आपसांतलं बोलणं ऐकते. एखाद्या वर्षी तर ती संगणक लावतच नाही. कागदाला घड्या घालून लंब काढायला लावते, कारण त्या वर्षीच्या मुलांचा घोळ ‘लंब म्हणजे काय’ इथेच आहे हे तिच्या लक्षात आलेलं असतं.

सॉफ्टवेअर तेच, त्रिकोण तोच. माऊस कसा चालवायचा हे अर्ध्या तासात येतं. कुठे थांबायचं, हे कळायला वर्षं जातात, कारण त्यासाठी आपली मुलं कुठे अडखळतात ते आधी माहीत असावं लागतं. तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकाची वाढ मोजायची तर ती इथेच मोजायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे ती प्रमाणपत्रांवर मोजली जाते.

शिक्षणशास्त्रात या प्रकारच्या जाणतेपणावर बराच विचार झाला आहे. अमेरिकेतले अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं, की विषय येणं आणि वर्ग सांभाळता येणं यांच्या बेरजेतून शिक्षक घडत नाही. हा विषय शिकताना मुलं कुठे चुकतात, कोणतं उदाहरण दिलं की गाठ सुटते, हे खास शिक्षकाचं असं ज्ञान असतं. अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं छेदांचीही बेरीज का करतात, हे गणितात पीएचडी केलेल्या माणसाला सांगता येईलच असं नाही. पाचवीच्या बाईंना ते पाठ असतं. पुढे २००६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी या विचाराला तंत्रज्ञानाची जोड दिली. मिश्रा हे मूळचे भारतीय, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकलेले. ‘टीपॅक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या मांडणीचं सार असं, की यंत्राचं ज्ञान सुटं शिकवून काम भागत नाही. विषय, शिकवण्याची रीत आणि साधन ही तिन्ही एकमेकांना बदलत असतात, म्हणून ती एकत्रच शिकावी लागतात. शिक्षकांना तयार साहित्य हाती देण्यापेक्षा स्वतःच्या पाठासाठी काहीतरी घडवायला लावावं, असा त्यांचा आग्रह होता. घडवताना शिक्षकाला विषयातले खाचखळगे आपोआप तपासावे लागतात.

याच्या उलट वाटेने गेलं तर काय होतं, ते पेरू देशात दिसलं. तिथल्या सरकारने मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे १५ महिने लॅपटॉप वापरूनही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचं त्यांना आढळलं नाही. मुलांच्या हाती यंत्र आलं, पण वर्गातला पाठ होता तसाच राहिला.

आपल्याकडे जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास गावोगावी लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ होऊ लागल्या. शेतकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी पदरमोड करून टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर घेतले. त्या उत्साहाविषयी मला मनापासून आदर आहे. पण पुढे काही शाळांचं वीजबिल थकून जोडणी तुटली, कुठे बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती कोणी करायची हे ठरेना. आणि जिथे सगळं चालू राहिलं तिथेही बरेचदा पडद्यावर कवितेचा व्हिडिओ लागला आणि बाई बाजूला बसून ऑनलाइन माहिती भरत राहिल्या. यात बाईंना दोष देता येणार नाही. सरल, यू-डायस, शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणाली, शिवाय रोज व्हॉट्सअॅपवर येणारे ‘तातडीचे’ तक्ते, अशा रूपातच तंत्रज्ञान त्यांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त आलेलं आहे.

त्याच महाराष्ट्रात वाढीची अस्सल उदाहरणंही आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना देऊन टाकली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांच्या कामात लक्षणीय वाटतं ते साधनाचं साधेपण. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड. तो घरच्या फोनवर स्कॅन केला की कविता ऐकू येते, पाठाचा व्हिडिओ दिसतो. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती उरतं ते पुस्तक, आणि घरात एखादा फोन असतो, हे ध्यानात घेऊन तो उपाय सुचलेला आहे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ व्यासपीठही २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं.

करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरात वेगळाच निर्णय घेतला गेला. ही कामगारांची वस्ती. सगळ्या घरांत स्मार्टफोन नाहीत हे तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी ओळखलं आणि घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. मुलं अंतर राखून भिंतीसमोर उभी राहून शिकली. तंत्रज्ञान कधी बाजूला ठेवायचं, हा निर्णय घेता येणं हाही त्याच वाढीचा भाग आहे, आणि कोणत्याही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात त्यासाठी तासिका नसते.

ही वाढ एकट्याने फारशी होत नाही. अॅपल कंपनीने १९८५ पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकेतल्या काही वर्गांत संगणक देऊन शिक्षकांचा मागोवा घेतला. सुरुवातीला शिक्षकांचा सारा जीव यंत्र बंद पडण्यात आणि वर्ग आटोक्यात ठेवण्यात अडकलेला होता, आणि संगणकावरही ते जुन्याच पद्धतीने शिकवत होते. स्वतःच्या कल्पना लढवण्यापर्यंत पोचायला त्यांना बराच काळ लागला. जिथे सहकाऱ्यांशी बोलायला, एकमेकांचे वर्ग पाहायला वाव होता, तिथे ते पुढे सरकले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीट या शाळासमूहाचा अनुभव तंत्रज्ञानाचा नव्हता, ज्ञानरचनावादी शिकवण्याचा होता. पण तिथल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक का येत, याचं उत्तर तेच आहे. आपल्यासारख्याच शाळेत आपल्यासारख्याच बाई हे करताहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जो विश्वास येतो तो सभागृहातल्या सादरीकरणातून येत नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हे तास फोनवर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात गेले, तर शिक्षकाच्या हाती काही लागणार नाही. हे तास सत्कारणी लावायला नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतातच. परिपत्रकांचं वाचन थोडं कमी करून तिथे दरवेळी एका शिक्षकाने आपल्या वर्गातला दहा मिनिटांचा पाठ फोनवर टिपून आणावा. इतरांनी तो पाहून एवढंच सांगावं, की मुलं कुठे गोंधळली, कुठे स्वतः बोलू लागली, व्हिडिओ कुठे थांबवला असता तर बरं झालं असतं. पुढच्या परिषदेत तोच पाठ बदलून घेतलेला पाहावा. केंद्रप्रमुखांनी त्यावर गुण देऊ नयेत, नाहीतर सगळे आपला उत्तम पाठच घेऊन येतील. आणि परिषदेच्या दिवशी ‘आजच्या आज माहिती भरा’ असा निरोप ग्रुपवर येणार नाही, एवढी काळजी तालुक्याच्या कार्यालयाने घ्यावी.