छोटा नमुना दणकट, मोठा पिलर कमजोर : कोळसा खाणीतलं साईजचं गणित

समजा, चंद्रपूरच्या एखाद्या भूमिगत खाणीतून कोळसा लॅबमध्ये आणला, २.५ सेंटिमीटरचा घन कापला आणि मशीनमध्ये दाबला. दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो भार सोसून तो फुटला. मग खाणीतला ३ मीटर उंचीचा पिलरही तेवढाच भार सोसेल का?

अजिबात नाही! आणि हा फरक जिवावर बेतू शकतो. कारण अशा खाणींत सगळा कोळसा काढत नाहीत. मध्ये कोळशाचेच चौकोनी पिलर सोडतात आणि छत त्यांच्यावर तोललेलं असतं.

असं का होतं?

कोडिंगचं उदाहरण घ्या. १० ओळींच्या कोडमध्ये बग नसेलही, पण १० लाख ओळींच्या ॲपमध्ये तो असतोच. कोळशातल्या भेगांचंही तसंच आहे. छोट्या तुकड्यात मोठी भेग सापडणं कठीण, कारण जिथे भेग होती तिथेच तो कापताना तुटलेला असतो. मोठ्या पिलरमध्ये मात्र भेगा असणारच. शिवाय दाबल्यावर त्या मिटतात, सरकतात. म्हणून मोठा तुकडा तेवढ्याच दाबाखाली जास्त दबतो.

कठीण खडकातही हेच दिसतं. हूक आणि ब्राऊन यांच्या १९८० च्या सूत्रानुसार, ५० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यापेक्षा २०० मिलिमीटरचा नमुना सुमारे २२ टक्के कमजोर भरतो.

मग पिलर किती मोठा ठेवायचा?

धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन संस्थेत (आताची सिंफर) यासाठी एक सूत्र तयार झालं. आपले ३०० किलो त्यात टाकले, तर ३ मीटरच्या घनाकृती पिलरची ताकद निघते फक्त ५५ किलोच्या आसपास!

पण साईज वेगळी आणि शेप वेगळा. तोच ३ मीटर उंचीचा पिलर १०० मीटर खोलीवर २४ मीटर रुंद ठेवला, तर ताकद दीडशे किलोपर्यंत जाते, कारण कडेचा कोळसा आतल्या कोळशाला आवळून धरतो. उंच, सडपातळ पिलर झटकन फुटतो. बुटका, रुंद पिलर हळूहळू दबत जातो.

२१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत पिलर कोसळले आणि ४३५ कामगार गेले. त्यानंतर तिथे खाणीतच मोठमोठे कोळशाचे ठोकळे दाबून पाहिले गेले. साधारण १.५ मीटरनंतर ताकद आणखी घटत नाही, असं दिसलं.

थोडक्यात, लॅबचा आकडा खोटा नसतो, पण तो त्या छोट्या तुकड्याचा असतो. छताखाली उभ्या असलेल्या माणसासाठी हिशोब पिलरचाच करावा लागतो.