ॲल्युमिनियमच्या नेकची बेस गिटार पुण्यात सुरात राहील का?

जुलैमध्ये बुधवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात गेलात, तर दार खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. लाकूड हवेतला दमटपणा पितं, फुगतं आणि चौकटीत अडकतं. आता हेच लाकूड बेस गिटारच्या दांडीत आहे असं समजा. (गिटारवाले तिला नेक म्हणतात, मीही तेच म्हणते.) चार तारा मिळून तिला साधारण ७०-८० किलोच्या जोराने ओढत असतात. दमटपणा बदलला की नेकचा बाक बदलतो, तारा पडद्यांपासून वर-खाली होतात. म्हणून लाकडी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची स्टीलची सळई असते आणि दर पावसाळ्यात कुणीतरी ती पिळत बसतं.

मग नेक धातूचीच का नको? १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन नावाच्या गृहस्थांनी हेच केलं. त्यांच्या गिटारमध्ये ॲल्युमिनियमचा एकच तुकडा वरच्या खुंट्यांपासून थेट ब्रिजपर्यंत जातो, लाकूड नुसतं बाजूंना. त्यांचे एक भागीदार गॅरी क्रेमर बाहेर पडले आणि १९७६ मध्ये न्यू जर्सीत क्रेमर कंपनी सुरू झाली. क्रेमरने ॲल्युमिनियमच्या नेकमध्ये मागून लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे वजन कमी आणि हाताला गारही लागत नाही. ट्रॅव्हिस बीनचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. क्रेमर १९८० च्या दशकात लाकडी नेककडे परतली. एकूण खेळ दहा-अकरा वर्षांचा, त्यामुळे आज ही वाद्यं संग्राहकांची झाली आहेत.

आपल्याकडे प्रवास उलटा झाला. मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. धातूवर हात बसलेला असताना ती माणसं भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळली! सरोदला स्टीलची पट्टी असते, पण ती वरून जडवलेली. खाली भार घेतं ते लाकूडच.

धातूच्या नेकने नक्की काय मिळतं? इथे माझा विषय येतो, कारण माझी पीएचडी मिश्रधातूंमधल्या अंतर्गत घर्षणावर आहे. बेस वाजवणाऱ्यांना एक त्रास माहीत असतो: सर्वात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लगेच मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून हलवा, मग तेच टोक झाडाच्या फांदीला बांधून बघा. फांदी स्वतःच हलते आणि तुमची मेहनत खाते. नेक ही फांदी आहे. तिची स्वतःची एक डोलण्याची गती असते आणि एखादा स्वर तिच्याशी जुळला, की तारेतली ऊर्जा नेकमध्ये निघून जाते. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी हे नेकवर मोजमापं घेऊन दाखवलं आहे.

‘ॲल्युमिनियम कडक, म्हणून डेड स्पॉट नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. ॲल्युमिनियम मेपलपेक्षा पाचपट ताठ आहे खरं, पण जवळजवळ चौपट जडही आहे. डोलण्याची गती ठरते ताठपणा भागिले घनता या गुणोत्तराच्या वर्गमुळावर. हिशोब केला तर सारख्याच आकाराच्या नेकमध्ये फरक जेमतेम २० टक्के येतो. म्हणजे डेड स्पॉट सरकेल, पळून जाणार नाही. खरा फायदा वेगळा आहे. जड आणि ताठ अशी दोन्ही असल्यामुळे ही नेक तारेच्या धक्क्याला चारेक पट कमी दाद देते. शिवाय लाकडाचं अंतर्गत घर्षण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त. लाकूड ऊर्जा खातं आणि तिची उष्णता करतं, धातू बरीचशी परत देतो. त्या लांबत जाणाऱ्या, घंटेसारख्या स्वराचं रहस्य हेच.

आता किंमत. ॲल्युमिनियम प्रत्येक अंश सेल्सिअसला दर मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टीलची तार १२ च्या आसपास. बेसची तार ८६४ मिलिमीटर लांब असते. पारा १० अंश चढला तर नेक आणि तार यांच्या वाढीत ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे कागदाच्या जाडीइतका. क्षुल्लक वाटतं ना? पण सुरात आणताना बारीक तार मुळात ४ मिलिमीटरच ताणलेली असते. ताण अडीच टक्के वाढला, सूर सव्वा टक्का चढला: साधारण २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. जाड तारा मुळात कमी ताणलेल्या असतात, त्यामुळे त्या आणखी सरकतात. चारही तारा सारख्या चढल्या असत्या तर निभावलं असतं. तसं होत नाही.

हा हिशोब ट्रॅव्हिस बीनच्या सलग दांडीचा. क्रेमरमध्ये ब्रिज लाकडावर असल्याने परिणाम कमी. पण पुण्यात डिसेंबरमध्ये पहाटे १२ आणि दुपारी ३० अंश असतात हे विसरू नका. पावसाळ्यात न फुगणारी नेक हिवाळ्यात तुम्हाला दिवसातून दोनदा खुंट्या पिळायला लावेल. शंका असेल तर तापकीर गल्लीतून साधं डिजिटल थर्मामीटर आणा, नेकला चिकटवा आणि मोबाइलच्या ट्यूनरवर दर तासाला आकडे लिहून ठेवा. आलेख मला जरूर पाठवा.

जुनी बेस विकत घेणार असाल तर आधी सपाटपणा बघा. या नेकमध्ये ट्रस रॉड नसतो. वाकलेली लाकडी नेक अर्ध्या तासात जागेवर येते. इथे पडदे घासणं किंवा सांध्यात पातळ पट्टी सारणं एवढेच उपाय. क्रेमरच्या मागच्या लाकडी पट्ट्यांवर नख फिरवा, कारण धातू तापमानाने हलतो, लाकूड दमटपणाने, आणि मधला गोंद दोघांचं ऐकतो. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमला जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी दिसते का तेही बघा. खारट ओल मिळाली की या दोन धातूंची छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. वाद्य मुंबई-कोकणात राहिलेलं असेल तर एक स्क्रू काढून आत डोकावल्याशिवाय पैसे देऊ नका.