विश्लेषण : नेपाळी जन्मतारखेतून ५७ वजा केले की चूक का होते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गृहसंकुलांच्या फाटकावर नेपाळी सुरक्षारक्षक दिसणे नवे नाही. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिकांना भारतात राहता येते आणि काम करता येते. पण नोकरी, भाड्याचे घर, बँक खाते किंवा मुलांची शाळा यांपैकी काहीही असले तरी जन्मतारीख द्यावी लागते. गावाकडून आणलेल्या कागदावर ती ‘२०७२ साल जेठ ३२ गते’ अशी असू शकते. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून देणारा सालातून ५७ वजा करतो, महिना तसाच ठेवतो आणि दिवसाच्या यादीत ३२ हा आकडा नसल्याने ३१ निवडतो. अशी चुकीची तारीख एका कागदावर आली की पुढचे कागद तिच्याशी जुळत नाहीत. ही चूक फक्त दुकानदाराची नसते. अनेकदा अर्जामागचे सॉफ्टवेअरही तेच करत असते.

नेपाळमध्ये कोणते साल चालते?

नेपाळचा सरकारी कारभार बिक्रम संवतानुसार चालतो. वर्ष एप्रिलच्या मध्यावर बैशाख महिन्याने सुरू होते आणि चैत महिन्याने संपते. १४ एप्रिल २०२६ रोजी तेथे संवत २०८३ सुरू झाले. नाव विक्रम संवताचे असले तरी हे पंचांग सौर आहे, म्हणजे महिना सूर्याच्या राशीबदलावर ठरतो. ठाण्यातील गुजराती व्यापारी दिवाळीनंतर वहीवर जो विक्रम संवत लिहितात तो चांद्र महिन्यांचा असतो आणि कार्तिकापासून सुरू होतो. त्यामुळे एप्रिल ते दिवाळी या काळात दोन्ही संवतांच्या आकड्यांत एका वर्षाचा फरक पडतो.

महिन्यांची नावेही फसवी आहेत. २०२६ मध्ये नेपाळचा बैशाख १४ एप्रिलला सुरू झाला, मराठी पंचांगातील वैशाख १८ एप्रिलला आणि भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतील वैशाख २१ एप्रिलला. तिन्ही महिन्यांचे नाव एकच असले तरी त्यांचा पहिला दिवस वेगळा आहे.

५७ वजा करण्यात चूक कोणती?

नेपाळचे साल इसवी सनाच्या साधारण ५६ वर्षे आणि साडेआठ महिने पुढे आहे. त्यामुळे वजा करायचा आकडा वर्षभर एकच राहत नाही. बैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करावे लागतात आणि १ जानेवारीपासून चैत संपेपर्यंत ५६. हा बदल पुस महिन्याच्या मध्यावर होतो.

नेपाळच्या इतिहासातील एक तारीख घेऊ. राणा राजवट संपल्याचा दिवस तेथे ७ फागुन २००७ असा सांगितला जातो. २००७ मधून ५७ वजा केले तर १९५० येते. प्रत्यक्षात तो दिवस होता १८ फेब्रुवारी १९५१. म्हणजे एका वजाबाकीने वर्षच चुकले.

महिना तसाच ठेवला तर फरक आणखी विचित्र होतो. नेपाळची राज्यघटना ३ असोज २०७२ रोजी लागू झाली. असोज सहावा महिना, म्हणून कोणी ३ जून २०१५ लिहिले तर ते १०९ दिवसांनी चुकते. खरी तारीख २० सप्टेंबर २०१५ आहे.

मग एखादे सूत्र का नाही?

सूत्र बसवण्यासाठी महिन्यांचे दिवस ठरलेले असावे लागतात. जानेवारीचे दिवस दरवर्षी ३१ असतात आणि फेब्रुवारीचा नियमही शाळेत शिकवला जातो. नेपाळी पंचांगात महिना २९ ते ३२ दिवसांचा असतो आणि तोच महिना एका वर्षी ३१ दिवसांचा तर दुसऱ्या वर्षी ३० दिवसांचा असू शकतो. संवत २००० मध्ये बैशाख ३० दिवसांचा होता, २०७२ मध्ये ३१ दिवसांचा.

याचे कारण आकाशात आहे. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असते आणि तिची गती मंद असते. त्या काळात सूर्याला एक रास ओलांडायला साडेएकतीस दिवसांच्या आसपास लागतात. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, तेव्हा साडेएकोणतीस दिवसांच्या आत-बाहेर काम होते. म्हणून उन्हाळा-पावसाळ्यातले महिने मोठे आणि थंडीतले लहान. पण महिना तर पूर्ण दिवसांचाच हवा. संक्रांत दिवसाच्या कोणत्या वेळी होते यावर तो जादा दिवस या महिन्यात जाईल की पुढच्या, हे ठरते. ही वेळ दरवर्षी सरकते.

भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका याच्या उलट आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर ती २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ रोजी स्वीकारण्यात आली. त्यात चैत्र ३० दिवसांचा आणि लीप वर्षात ३१ दिवसांचा असतो. पुढचे पाच महिने ३१ दिवसांचे आणि उरलेले सहा ३० दिवसांचे. नियम पक्का असल्याने ही दिनदर्शिका संगणकाला दोन ओळींत शिकवता येते. संगणक आणि मोबाइलमध्ये जगभरच्या दिनदर्शिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणित यादीत ती आहेही. नेपाळी बिक्रम संवत मात्र त्या यादीत नाही.

प्रोग्रॅमर हे काम कसे करतात?

सूत्र नाही म्हणून तक्ता वापरतात. प्रत्येक वर्षासाठी बारा आकडे, म्हणजे त्या वर्षीच्या बारा महिन्यांचे दिवस. शंभर वर्षांसाठी असे बाराशे आकडे लागतात. सोबत एक खुंटा लागतो, म्हणजे दोन्ही पंचांगांत नक्की माहीत असलेला एक दिवस. १ बैशाख २००० म्हणजे १४ एप्रिल १९४३, हा खुंटा अनेक प्रोग्रॅममध्ये वापरलेला दिसतो. पुढे फक्त दिवस मोजायचे.

कागदावर करून पाहू. २०१५चा मोठा भूकंप नेपाळमध्ये १२ बैशाख २०७२ म्हणून लक्षात आहे. तो दिवस २५ एप्रिल होता, म्हणजे १ बैशाख हा १४ एप्रिल. आता ३ असोज काढायचा आहे. त्या वर्षी बैशाख ते भदौ या पाच महिन्यांचे दिवस होते ३१, ३२, ३१, ३२ आणि ३१. बेरीज १५७. असोजची तिसरी तारीख म्हणजे आणखी दोन दिवस. १४ एप्रिलच्या पुढे १५९ दिवस मोजले की २० सप्टेंबर येतो. याच तक्त्याने ‘३२ जेठ २०७२’ ही तारीख १५ जून २०१५ ठरते.

असे तयार तक्ते असलेली मोफत पॅकेजेस पायथॉन, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा सर्व प्रमुख भाषांत मिळतात. पण पॅकेज जोडले म्हणजे काम झाले, असे नाही. नेपाळमध्ये पंचांगाला सरकारी पंचांग निर्णायक समितीची मान्यता लागते. त्यामुळे पुढच्या वर्षांचे आकडे तक्त्यात आधीच भरलेले असले तरी ते अधिकृत पंचांगाशी ताडून पाहावे लागतात. तक्त्यातला एखादा आकडा चुकला, तर त्या महिन्यानंतरच्या तारखा एका दिवसाने सरकतात आणि प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देत राहतो.

एका दिवसाने काय बिघडते?

समजा, कल्याणमधील एका शाळेत नेपाळी कुटुंबातील मुलाचा पहिलीचा प्रवेश आहे. राज्यात या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरपर्यंत मोजले जाते. २०७२ सालच्या पुस महिन्यातील १६ तारीख म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ आणि १७ तारीख म्हणजे १ जानेवारी २०१६. इथे एका दिवसाची चूक मुलाचे शाळेचे अख्खे वर्ष मागे-पुढे करू शकते.

एक दिवस चुकण्याची आणखी एक वाट आहे. नेपाळचे घड्याळ भारताच्या १५ मिनिटे पुढे आहे. काही प्रोग्रॅम जन्मतारीख ही फक्त तारीख म्हणून न साठवता ‘त्या दिवशीची मध्यरात्र’ म्हणून साठवतात. नेपाळमधील रात्रीचे १२ म्हणजे भारतात आदल्या दिवशीचे रात्री ११.४५. तीच नोंद भारतीय वेळेत उघडली की जन्म एक दिवस आधी झालेला दिसतो. म्हणून जन्मतारीख वेळेशिवाय साठवावी, हा या कामातला पहिला नियम मानला जातो.

अंकांचाही प्रश्न आहे. नेपाळी कागदावर देवनागरी अंक असतात आणि क्रम आधी साल, मग महिना, मग दिवस असा असतो. पायथॉन ‘२०७२’ हे देवनागरी अंक थेट संख्या म्हणून वाचते, जावास्क्रिप्ट वाचत नाही. तेथे अंक आधी बदलून घ्यावे लागतात.

मराठी पंचांगाला ही अडचण नाही का?

आहे, आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. आपले सण चांद्र तिथीवर चालतात. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. तिला साधारण १९ ते २६ तास लागतात. सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची, हा ढोबळ नियम. काही मोबाइल ॲप एवढाच नियम लिहून मोकळी होतात.

हा नियम २०२६च्या गुढीपाडव्याला कसा तोकडा पडतो ते पाहा. १९ मार्चला ठाणे-डोंबिवलीत सूर्य उगवला तेव्हा अमावास्या संपायला काही मिनिटे बाकी होती. प्रतिपदा सकाळी ६.५२च्या सुमारास लागली आणि २० मार्चच्या सूर्योदयाआधीच संपली. म्हणजे प्रतिपदेला एकही सूर्योदय मिळाला नाही. पंचांगात याला क्षयतिथी म्हणतात. फक्त सूर्योदयाची तिथी पाहणाऱ्या प्रोग्रॅमला त्या वर्षी चैत्र शुद्ध प्रतिपदा सापडणारच नाही. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये सुरू केलेल्या नववर्ष स्वागतयात्रेचा दिवसच त्याच्या यादीतून गळेल. धर्मशास्त्राचा क्षयतिथीसाठीचा वेगळा नियम लिहिला तरच १९ मार्च हे उत्तर येते.

त्याच वर्षी १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठही आला. दोन ज्येष्ठ असल्यामुळे ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी’ एवढे लिहून दिवस ठरत नाही, अधिक की निज हे लिहावे लागते. सणाच्या तारखेवरून गोंधळ झाला की ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्तमानपत्रांतून खुलासा करतात, तो याच बारीक नियमांचा असतो.

अर्ज भरताना काय करावे?

मूळ नेपाळी तारीख आणि इसवी तारीख, दोन्ही लिहून ठेवाव्यात. नेपाळी कागदाच्या इंग्रजी बाजूवर इसवी तारीख छापलेली असेल, तर नवा हिशेब न करता तीच वापरावी. ती नसेल, तर दोन वेगवेगळ्या रूपांतरकांवर तारीख तपासावी आणि आलेली इसवी तारीख पुन्हा उलटी बदलून मूळ तारीख मिळते का ते पाहावे. वार माहीत असेल तर तोही जुळवावा. एकदा ठरलेली इसवी तारीख पुढच्या प्रत्येक कागदावर तीच ठेवावी.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी पथ्य सोपे आहे. मूळ तारीख पुसू नये, ती वेगळ्या रकान्यात जपावी. दिवसाच्या यादीत नेपाळी तारखेसाठी ३२ पर्यंत जागा ठेवावी. तक्त्याबाहेरचे साल आले तर अंदाज न करता स्पष्ट चूक दाखवावी. तक्त्यात नंतर दुरुस्ती झाली, तर जपलेल्या मूळ तारखेवरून इसवी तारीख पुन्हा काढता येते. मूळ तारीख पुसली असेल, तर त्या माणसाला गावाहून कागद पुन्हा मागवावा लागतो.